पैलवान, आधी कंबर मोजा

नोकरीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद माझ्या टेबलावर ठेवून तो समोर बसला. बाजूच्या खुर्चीत त्याचे चुलते. कागदावर उंची १७२ सेंटिमीटर, वजन ८८ किलो, बीएमआय २९.७, आणि पुढं लाल शाईत शेरा: ‘लठ्ठ’. पहाटे उठून हौद्यातली माती उकरणारा, जोर-बैठका झाल्यावर दोन-दोन तास लढती धरणारा हा गडी. चेहरा उतरला होता. म्हणाला, “डॉक्टर, हे म्हणत्यात वजन उतरव, वस्ताद म्हणत्यात अजून दोन किलो वाढव. मी ऐकू कुणाचं?”

मी त्याला उभं केलं, शर्ट वर करायला सांगितलं आणि टेप घेतला. घेर भरला ८४ सेंटिमीटर. एवढ्यात चुलते उठले. “तात्यांचं बी बघा की,” पोरगा म्हणाला. तात्या एके काळी याच तालमीचे मल्ल, आखाडा सुटून पंधरा वर्षं झालेली. उंची १७०, वजन ८६ किलो. बीएमआय २९.८. पुतण्याच्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात एका दशांशाचं अंतर. टेप लावला, तर १०८.

बीएमआयच्या हिशेबात हे दोघे एकाच खान्यात बसतात. पुतण्याचं रक्त तपासलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. तात्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.१ निघाली. त्यांना मधुमेह झालाय हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आजचा लेख या दोघांसाठी आहे, आणि त्यांच्यासारख्या प्रत्येकासाठी: तालमीत, जिममध्ये, कबड्डीच्या मैदानावर अंग कमावलेल्या आणि वजनकाट्यापुढं गोंधळलेल्या सगळ्यांसाठी.

बीएमआय काढायचा म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. एवढंच. वजन कशाचं आहे हा प्रश्न त्या भागाकारात कुठंच येत नाही. हाडाचं, पाण्याचं, दंडाचं की पोटातल्या चरबीचं, काट्याला सगळं सारखं. हे सूत्र काढणारा ॲडॉल्फ क्वेटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती होता, डॉक्टर नव्हता. १८३० च्या दशकात तो ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा शोध घेत होता. वाढ पूर्ण झालेल्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्याला दिसलं. लठ्ठपणा मोजण्याचा त्याचा विचारही नव्हता. पुढं १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ असं नाव दिलं, तेही मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासाला सोयीचं माप म्हणून. हजारो माणसांचा कल पाहायला ते आजही उपयोगाचं आहे. एकट्यादुकट्या माणसाच्या कागदावर लाल शाईचा शेरा मारायला नाही.

खरं तर कीज यांच्याही आधी तीस वर्षं ही चूक एकानं पाण्यात बुडवून सिद्ध केली होती. अल्बर्ट बेन्के हे अमेरिकी नौदलातले डॉक्टर. १९४२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं अमेरिकन फुटबॉलचे २५ व्यावसायिक खेळाडू घेतले. उंची-वजनाच्या तेव्हाच्या तक्त्यांप्रमाणे त्यातले १७ जण जादा वजनाचे म्हणून नापास ठरत होते. बेन्के यांनी त्यांचं वजन हवेत घेतलं, मग पाण्याखाली घेतलं आणि शरीराची घनता काढली. नापास ठरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगावर चरबी कमीच निघाली. वजन होतं ते स्नायूंचं.

घनतेची ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण घरच्या घरी करायचा सगळा उपाय तिच्यावरच उभा आहे. एक लिटरचं भांडं स्नायूनं भरलं तर ते साधारण १ किलो ६० ग्रॅम भरेल, चरबीनं भरलं तर ९०० ग्रॅम. म्हणजे वजन तेवढंच असेल तर चरबी जास्त जागा अडवते. आणि पुरुषांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा पोटात, आतड्यांभोवती आणि यकृताभोवती जागा अडवते. काट्याला हे कळत नाही, टेपला कळतं.

आता आपल्याकडची एक जास्तीची अडचण. जगभर बीएमआय २५ च्या पुढं जादा वजन आणि ३० च्या पुढं लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी एकमतानं या रेषा खाली आणल्या: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. यामागचं कारण अगदी खरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक छोटासा, फोटोसह छापलेला लेख २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन मॅरेथॉन पळणारे. तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली हाडं बारीक, हातपाय काटकुळे आणि पोटात चरबी, त्यामुळं कमी वजनातही मधुमेह गाठतो. हे डॉ. याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत आणि माझ्या दवाखान्यात ते मला रोज दिसतं.

पण म्हणूनच ही खाली आणलेली रेषा कमावलेल्या अंगावर दुप्पट अन्याय करते. १७० सेंटिमीटर उंचीला २५ चा बीएमआय म्हणजे ७२ किलो. कुस्तीत ७४ किलोचा वजनगट असतो. त्या गटात उतरणारा, पोटावर चिमटीत धरायला कातडीसुद्धा न मिळणारा या उंचीचा मल्ल भारतीय हिशेबानं ‘लठ्ठ’ ठरतो. काटकुळ्या अंगांसाठी आखलेल्या रेषेपुढं त्याला उभं केलं की दुसरं काही होणारच नाही.

मग मोजायचं काय? कंबर. पण पँटचा नंबर सांगू नका. पँट आपण पोटाच्या खाली बांधतो, ३४ ची पँट घालणाऱ्याचा घेर ४० इंच भरलेला मी पाहिलाय. न ताणणारा टेप घ्या, शिंप्याकडं असतो तसा. कुशीला बोटानं चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवा, जमिनीला समांतर धरा, पाठीमागं खाली घसरला नाही ना हे आरशात बघा. उघड्या अंगावर मोजा. पैलवान मंडळींना एक विनंती: छाती फुगवून, पोट आत ओढून उभे राहू नका. श्वास सहज सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. टेप टेकला पाहिजे, रुतता कामा नये. सकाळी, पोट साफ झाल्यावर, खाण्याआधी मोजलं तर दर वेळचा आकडा एकमेकांशी ताडून बघता येतो.

आकडा मिळाला की दोन कसोट्या लावा. पहिली: घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. १७२ उंचीच्या पोराचं निम्मं ८६, घेर ८४, तो बसला. तात्यांचं निम्मं ८५, घेर १०८. ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनातही २०२२ पासून हा निम्म्याचा नियम आहे, आणि स्नायू भरपूर असलेल्यांचा बीएमआय जपून वाचावा असंही तिथं म्हटलं आहे. दुसरी कसोटी भारतीयांसाठीची: पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. उंच माणसाच्या बाबतीत या दोन कसोट्या कधी कधी एकमेकींशी भांडतात. १८५ उंचीच्या माणसाचा घेर ९१ भरला तर एक पास म्हणते, दुसरी नापास. तेव्हा रक्ताला विचारायचं: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल कोलेस्टेरॉल आणि सोबत रक्तदाब.

इथं मला थोडं थांबायचंय, कारण कमावलेलं अंग फक्त बीएमआयलाच फसवत नाही. दवाखान्यातल्या आणखी तीन-चार मापांत तीच गफलत होते आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पहिलं रक्तदाबाचं. मोठ्या माणसांच्या दंडाला बांधायचा नेहमीचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पैलवानाचा दंड सहज ३८-४० भरतो. त्याला तोच पट्टा करकचून बांधला की यंत्र रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. विनाकारण गोळ्या सुरू झालेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा दंड मोजा, आणि ३५ च्या वर असेल तर “मोठा पट्टा आहे का?” असं बेधडक विचारा. संकोच करू नका. दवाखान्यात नसेल तर ज्यांच्याकडं आहे तिथं जाऊन मोजा.

दुसरं क्रिएटिनिन. मूत्रपिंड काम करतंय का हे बघायला ही तपासणी करतात. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. स्नायू जास्त, तर ते थोडं जास्तच असणार. त्यात आदल्या रात्री मटणावर ताव मारलेला असेल किंवा जिममधलं क्रिएटिन चालू असेल तर आणखी वर. मग कागदावर मूत्रपिंडाचं काम कमी दिसतं आणि घरात रडारड होते. आकडा किंचितच वर असेल तर डॉक्टरांना तुमच्या व्यायामाबद्दल सांगा आणि सिस्टॅटिन-सी ही तपासणी करता येईल का ते विचारा. तिच्यावर स्नायूंचा परिणाम फार कमी होतो. लघवीतून प्रथिन जातंय का, हेही सोबत बघून घ्यावं. क्रिएटिनिनचा आकडा वर आलाय म्हणजे स्नायूच असणार असं मात्र घरबसल्या ठरवू नका.

तिसरं यकृताचं. एसजीओटी आणि एसजीपीटी ही नावं वाचली की लोक दारूचा संशय घेतात. ही द्रव्यं स्नायूंतही असतात. जड व्यायामानंतर आठवडाभरसुद्धा ती चढलेली राहू शकतात. एका निर्व्यसनी पोराला त्याच्या घरच्यांनी या कागदावरून पाण्यात पाहिलं होतं. त्यानं तपासणीच्या आदल्या दिवशी मैदान मारलं होतं, एवढीच त्याची चूक. रक्त द्यायचं असेल तर आधी आठवडाभर अंग मोडेल असा व्यायाम करू नका, आणि केला असेल तर तसं सांगा.

आता शरीरातली चरबी टक्क्यांत सांगणारी यंत्रं. पायाखालच्या काट्यापासून जिममधल्या मोठ्या खांबापर्यंत सगळी एकाच तत्त्वावर चालतात: अंगातून अगदी सौम्य वीज सोडतात आणि अडथळा मोजतात. वीज पाण्यातून जाते, त्यामुळं तुम्ही किती पाणी प्यालात, घाम किती गेला, जेवलात कधी, यावर आकडा हलतो. एका सकाळी आलेल्या १८ टक्क्यांना धरून बसू नका. महिन्यातून एकदा, त्याच यंत्रावर, सकाळी उपाशीपोटी घ्या आणि आकडा कुठल्या दिशेला चाललाय तेवढं बघा. सर्वांत भरवशाची तपासणी डेक्सा स्कॅनची, पण ती मोठ्या शहरांत मिळते आणि पैसे पडतात. ज्याची कंबर उंचीच्या निम्म्याहून बरीच कमी आहे आणि रक्त ठीक आहे, त्यानं त्यासाठी खर्च करायची मला गरज वाटत नाही.

एवढं वाचून काही मंडळींना बरं वाटलं असेल. सहा महिन्यांपासून जिमला जाणारा, पोट पुढं आलेला माणूसही मला सांगतो, “डॉक्टर, माझं सगळं मसल आहे, बीएमआय चुकीचा असतो.” त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेत २००८ मध्ये तेरा हजारांवर लोकांची चरबी वेगळी मोजून ती बीएमआयशी ताडून पाहिली. ज्या पुरुषांच्या अंगावर जादा चरबी नव्हती, त्यातल्या शंभरातल्या पाचेक जणांनाच बीएमआयनं ३० च्या वर टाकून चुकीचं लठ्ठ म्हटलं. उलट ज्यांच्या अंगावर खरोखर चरबी होती, अशा पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त जण त्या रेषेतून निसटले. म्हणजे बीएमआय चुकतो तो मुख्यतः उलट्या बाजूनं: धष्टपुष्टाला नाव ठेवण्यापेक्षा पोटातली चरबी झाकून ठेवण्यात. स्नायूंची सवलत मागायची असेल तर ती टेपकडून मंजूर करून आणावी लागते. घेर ९८ असेल तर ती सवलत तुम्हाला नाही, दंड कितीही फुगो.

आणि दंड इंजेक्शनांनी फुगवला असेल तर टेपची साक्षही पुरत नाही. स्टेरॉइड घेणाऱ्याची कंबर बारीक राहते, पण चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. असं काही घेत असाल किंवा कधी घेतलं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. आम्ही पोलीस नाही, आम्हाला तुमचं हृदय तपासायचंय.

मानेबद्दलही एक सांगावंसं वाटतं. मान कमावणं हे कुस्तीचं भूषण. पण मान ४३ सेंटिमीटरच्या पुढं गेली, झोपेत मोठ्यानं घोरणं आहे, मध्येच श्वास अडकतो असं घरची माणसं सांगतात आणि दिवसा पेंग येते, तर झोपेची तपासणी करून घ्या. मान स्नायूंनी जाड झालेल्यांनाही झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होऊ शकतो.

मुलींसाठी दोन शब्द कळकळीनं. वेटलिफ्टिंग, कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्या मुलींना घरात आणि बाहेर ‘वजन जास्त आहे’ हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की त्या जेवण तोडतात. व्यायाम तेवढाच आणि पोटात अन्न कमी, असं चाललं की पाळी लांबते, मग थांबते, आणि त्याच्या मागोमाग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर बीएमआयच्या आकड्यासाठी एक भाकरीसुद्धा कमी करायची नाही. पाळी तीन महिने आली नाही तर ‘खेळामुळं होतं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडं जायचं.

नोकरी, विमा आणि भरती यांचं काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. कागद भरणाऱ्याशी वाद घालून उपयोग नसतो, त्याच्यापुढं एक रकाना असतो आणि त्यात आकडा घालायचा असतो. त्याच्या हातात दुसरे आकडे द्या. वैद्यकीय तपासणीच्या वेळीच कमरेचा घेर मोजून कागदावर लिहायची विनंती करा. स्पर्धेची प्रमाणपत्रं, क्रीडा संघटनेचा दाखला आणि अलीकडचे रक्ताचे अहवाल एका फायलीत तयार ठेवा. विम्याच्या अर्जात वजन कमी करून लिहू नका, खोटी माहिती पुढं दाव्याच्या वेळी अंगाशी येते. उलट खरं वजन लिहून सोबत घेर आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. सैन्यदलांच्या भरतीच्या निकषांत कुस्ती, मुष्टियुद्ध, शरीरसौष्ठव अशांतून कमावलेल्या अंगासाठी जादा वजनाची अपवादात्मक वाट ठेवलेली असते. पण तिच्यावरही अटी असतात: पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तर ०.९ च्या आत, रक्ताचे अहवाल ठीक, आणि व्यायामाचा लेखी पुरावा. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, कारण निकष बदलत राहतात. अपवाद आहे हेच ठाऊक नसल्यामुळं भरतीच्या आधी पंधरा दिवस उपाशी राहून ताकद घालवून बसणारी पोरं दर वर्षी दिसतात.

त्या दिवशी पोराला मी लिहून दिलं: घेर ८४, उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी, रक्तदाब मोठ्या पट्ट्यानं मोजला, साखर व चरबी योग्य, वजन कमी करण्याचं वैद्यकीय कारण नाही. त्यानं कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

तात्यांशी मात्र बराच वेळ बोलावं लागलं. त्यांची गोष्ट एकट्याची नाही, ती प्रत्येक तालमीतल्या मागच्या पिढीची आहे. कुस्ती सुटते, पण खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, आठवड्याला दोनदा मटण, हे सगळं जोर-बैठकांच्या हिशेबानं बांधलेलं असतं. मेहनत थांबली की स्नायू दर वर्षी थोडे थोडे उतरतात आणि त्यांची जागा चरबी घेते. काट्यावर फारसं काही दिसत नाही. तात्यांचं उमेदीतलं वजनही ८५ होतं, आणि ते अभिमानानं सांगत होते की पंधरा वर्षांत एकच किलो वाढलं. त्या एका किलोमागं काय काय घडलं ते कंबर सांगत होती. म्हणून माझं सगळ्या मल्लांना सांगणं आहे: ज्या महिन्यात लंगोट खुंटीला लावाल, त्याच महिन्यात टेप घरात आणा. दर महिन्याच्या एक तारखेला घेर मोजून कॅलेंडरवर लिहा. चार सेंटिमीटर वाढला की खुराकाला हात घाला. आधी तूप आणि थंडाईतली साखर, मग ताटातला भात. डाळ, अंडी, दूध राहू द्या, स्नायू टिकायला ते लागतं. आणि बैठका पूर्ण सोडू नका, शंभर-सव्वाशे रोजच्या तरी असू द्या. गुडघे कुरकुरत असतील तर चढाचं चालणं आणि हलकी वजनं.

तात्यांनी गोळ्या सुरू केल्या, थंडाई बंद केली आणि पुतण्याबरोबर पहाटे तालमीत जायला लागले. कुस्ती धरत नाहीत, कडेला उभे राहून बैठका काढतात. सात महिन्यांनी आले तेव्हा काट्यावर ८२ भरले. बीएमआय २८.४, म्हणजे कागदावर अजूनही लठ्ठच. थोडे हिरमुसले. मी टेप काढला. त्यांनी स्वतःच श्वास सोडला आणि वाकून आकडा बघायला लागले: १०१. एचबीएवनसी ६.४. पुतण्यानं मोबाइलमध्ये टेपचा फोटो काढला आणि तालमीच्या ग्रुपवर टाकला.